ओझे ट्रॉलीचे, ब्रेक ट्रॅक्टरचा

नांदगाव तालुका दोन पातळ्यांवर नांदतो. खाली नांदगाव, मनमाड, न्यायडोंगरी, रेल्वेचे रूळ आणि तहसील कचेरी. वर घाटमाथ्यावर बोलठाण, जातेगाव आणि त्यांच्या आसपासची गावे. मध्ये सातमाळा-अजिंठ्याची डोंगररांग. बोलठाणला कांद्याचा उपबाजार आहे आणि तिथे शेजारच्या कन्नड, वैजापूर तालुक्यांतलाही माल येतो. खत, सिमेंट, लोखंड मात्र खालूनच वर चढवावे लागते. खाली भाव बरा निघाला की वरचा कांदाही नांदगाव, मनमाड, वेळप्रसंगी लासलगावपर्यंत उतरतो. या ये-जा करणाऱ्या मालातला बराचसा ट्रॅक्टरमागे हुकाला अडकवलेल्या ट्रॉलीत असतो.

हा चढ-उतार जुना आहे. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादकडे रेल्वे सुरू झाली. त्याआधी वेरूळची लेणी पाहायला निघालेले प्रवासी नांदगाव स्टेशनावर उतरत आणि पुढचा रस्ता टांग्याने काटत. रेल्वे आली, टांगे गेले, पण डोंगर चढून मराठवाड्यात जाणारी नांदगावची वाट वाहती राहिली. गेल्या काही वर्षांत तर ती भरून वाहते आहे.

त्याचे कारण शेजारच्या औट्रम घाटात आहे. खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमच्या नावाचा, कन्नड आणि चाळीसगावला जोडणारा हा घाट. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी चाळीसगाव परिसरात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आणि तिथे दरडी कोसळल्या. त्याआधी आणि नंतरही वाहतुकीची कोंडी ही तिथली रोजची गोष्ट होती. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले आणि ऑगस्ट २०२३ पासून घाटातून जड वाहनांना बंदी झाली. अवजड गाड्यांना जे पर्यायी मार्ग नेमून दिले, त्यांत शिऊर बंगला, तलवाडा, नांदगाव हा एक. म्हणजे या मार्गावरच्या कासारी घाटाच्या ज्या रस्त्यावर गावकऱ्यांची ट्रॉली आपल्या चालीने चालत होती, तिथे तिच्या पुढे-मागे लांब पल्ल्याचे ट्रक आणि कंटेनर आले.

ट्रक-कंटेनरच्या वेगावर, चालकांच्या झोपेवर, रस्त्याच्या खड्ड्यांवर पुष्कळ बोलले जाते आणि ते बोललेच पाहिजे. ट्रॉलीकडे मात्र कोणी पाहत नाही, कारण ती शेतकऱ्याची आणि हळू चालणारी. वास्तविक घाटातल्या सगळ्या मालवाहू गाड्यांत हे एकच वाहन असे आहे, की ज्याच्या ओझ्याखालच्या चाकांना बहुतेक वेळा ब्रेकच नसतो. पंधरा-वीस टनांच्या ट्रकला प्रत्येक चाकावर ब्रेक, आणि चार-पाच टनांच्या ट्रॉलीला एकाही चाकावर नाही. घाटाच्या तालुक्यांत तरी हे यापुढे चालू देऊ नये.

थोडा हिशेब मांडून पाहू. पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा. रिकामी ट्रॉली एक टन धरू, तीत तीस क्विंटल कांदा, म्हणजे तीन टन. सगळे मिळून सहा टन. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे डोंगराळ भागातल्या रस्त्याचा चढ एरवी ५ टक्के, फार तर ६ आणि अगदी अपवाद म्हणून ७ टक्के असावा. आपण सहाच टक्के घेऊ. या उतारावर सहा टनांच्या जोडीला खाली ओढणारा जोर होतो ३६० किलो. त्यातला २४० किलोंचा रेटा एकट्या ट्रॉलीचा, आणि तो हुकातून थेट ट्रॅक्टरच्या पाठीवर येतो. ट्रॉलीत आणखी दहा क्विंटल टाकले की त्यात ६० किलोंची भर. चढताना हा जोर इंजिनाला जाणवतो, धूर निघतो, आवाज बदलतो, चालक सावध होतो. उतरताना काहीच जाणवत नाही, उलट गाडी हलकी वाटते.

दोनशे मीटर उंची उतरताना या सहा टनांतून जी ऊर्जा सुटते, तिच्यात पस्तीसेक लिटर गार पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. ती सगळी कुठेतरी जिरवावी लागते. काही भाग टायर आणि वाऱ्यात जातो. उरलेली जिरवायला दोनच जागा: गिअरमध्ये फिरणारे इंजिन आणि ट्रॅक्टरचे ब्रेक. वेग दुप्पट झाला की तीच उष्णता निम्म्या वेळात जिरवावी लागते. म्हणूनच तासी दहा किलोमीटरने उतरणारा ट्रॅक्टर इंजिनाच्या भरवशावर जवळजवळ सांभाळला जातो, तर विसाच्या वेगाने तोच ट्रॅक्टर सारखा ब्रेक मागत राहतो.

ब्रेक आहे तो ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. आपल्याकडच्या बहुसंख्य ट्रॅक्टरांच्या पुढच्या चाकांना ब्रेक नसतो, शेतात त्याची गरजही नसते. मागच्या चाकांवर हुकाचा भार धरूनही जेमतेम पावणेदोन टन वजन असते. कोरड्या डांबरावर त्यातून हजार-अकराशे किलोंची पकड मिळते. ओल्या रस्त्यावर किंवा सांडलेल्या खडीवर ती निम्म्यावर येते. आता ट्रॉलीत तीसऐवजी साठ क्विंटल भरा. जोडी नऊ टनांची होते, उतार तिला ५४० किलोंनी खाली ओढतो आणि हुकावरचा वाढीव भार धरूनही खडीवरची पकड उरते साडेपाचशे ते सहाशे. म्हणजे ब्रेक शंभर टक्के चांगला असला, चालकाने तो प्राण एकवटून दाबला, चाके जागच्या जागी थांबली, तरी गाडी थांबेलच असे नाही. चाके घसरत जातात आणि मागची ट्रॉली ढकलत राहते. अशा अपघाताची बातमी ‘ब्रेक फेल’ म्हणून छापून येते. प्रत्यक्षात ब्रेक फेल झालेलाच नसतो.

यातली खरी विसंगती ही, की सर्वांत जास्त वजन ट्रॉलीच्या चाकांवर असते, म्हणजे रस्त्यावरची सर्वांत जास्त पकडही तिथेच असते. ती पकड वापरायला तिथे ब्रेक नाही. ट्रॉलीच्या चाकांना साधे ब्रेक बसले, तर जितके ओझे वाढेल तितकी थांबवण्याची ताकदही त्याच्याबरोबर वाढेल.

तोवर सारा भार गिअरवर. ट्रॅक्टरमध्ये बहुधा आठ गिअर पुढचे, दोन मागचे आणि हाय-लोची वेगळी दांडी असते. सगळे हाताने टाकायचे. मोटारीत चालता चालता गिअर बदलण्याची सवय झालेल्या माणसाला ट्रॅक्टरचा घाटातला स्वभाव लवकर कळत नाही. उतार लागल्यावर, वेग वाढल्यावर खालचा गिअर टाकायला क्लच दाबला, की त्या क्षणी इंजिन चाकांपासून सुटते. सहा टनांना धरून ठेवणारे इंजिन गेले, गाडी आणखी पळू लागली, आणि गिअरचे दात एकमेकांत बसायला तयार नाहीत. कर्रर्र आवाज येतो, दांडी हाताला झटका देते आणि न्यूट्रलमध्येच राहते. आता वरचाही गिअर नाही, खालचाही नाही. उरला फक्त ब्रेक, म्हणजे मघाचीच ती मागची दोन चाके.

म्हणून जुनेजाणते चालक नवख्याला पहिली गोष्ट सांगतात: ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. तो गिअर माथ्यावर, सपाटीला, गाडी पूर्ण थांबवून टाकायचा आणि पायथा येईपर्यंत क्लचला पाय लावायचा नाही. ओझे जास्त असेल तर त्याहूनही एक खालचा. ब्रेक सतत चेपून ठेवायचा नाही. वेग वाढला की ठाम दाबायचा, उतरला की सोडायचा, म्हणजे त्याला गार व्हायला उसंत मिळते. एवढे जरी कसोशीने पाळले तरी अर्धे अपघात टळतील असे या धंद्यातले लोक म्हणतात. हे शिक्षण देणारी शाळा मात्र नाही. ते मिळाले तर मामाकडून, नाही तर दरीच्या कठड्याकडून.

याच्या नेमके उलट चालते ते न्यूट्रलवर गाडी सोडणे. डिझेल वाचते म्हणून उतारावर गिअर काढायचा, काही महाभाग तर इंजिनच बंद करतात. ही बचत निव्वळ भ्रम आहे. गाडी गिअरमध्ये असताना, एक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना इंजिन चाकांच्या जोरावर फिरते आणि डिझेल पंपाचा गव्हर्नर डिझेल जवळपास तोडूनच टाकतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या जोरावर चालू राहावे लागते, म्हणजे त्याला थोडे का होईना डिझेल लागतेच. गिअरमधला उतार न्यूट्रलपेक्षा स्वस्त पडतो. इंजिन बंद केले तर पॉवर स्टिअरिंग जड होते आणि पिकअप, टेम्पोसारख्या गाड्यांत ब्रेकला मिळणारी मदतही दोन-तीन दाबांत संपते. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्याच्या नवले पुलाजवळ उतारावरून आलेल्या एका जड वाहनाने वीसहून अधिक गाड्या ठोकरल्या. सुरुवातीला ब्रेक फेल झाल्याचे बोलले गेले. तपासात चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे पुढे आले. तो तर चांगला रुंद महामार्ग होता.

ट्रॅक्टरच्या ब्रेकची आणखी एक गोष्ट घाटात जीवावर बेतते. उजव्या पायाखाली एक नव्हे, दोन पेडल असतात: एक डाव्या चाकाचे, एक उजव्या. नांगरताना शेताच्या कडेला चटकन वळण्यासाठी एकच चाक अडवता यावे म्हणून ही सोय. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल एकमेकांना जोडणारी छोटी लोखंडी पट्टी असते, ती पाडायची. बोटभर लांबीचा तुकडा, क्षणभराचे काम. पण दिवसभर रान नांगरून संध्याकाळी त्याच ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली जाते आणि पट्टी वरच राहते. उतारावर घाईत पाय एकाच पेडलवर पडला, की एकच चाक अडते. ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन वळतो, ट्रॉली सरळ जाऊ पाहते आणि हुकापाशी दोघांची घडी पडते. वळणावर तर पट्टी पाडलेली असूनही हा धोका राहतो, कारण ट्रॉलीचा रेटा ट्रॅक्टरच्या बरोबर पाठीत न येता कुशीत येतो.

हुकाचीही तीच तऱ्हा. पिन जाडजूड असते. ती वर उसळू नये म्हणून खालून अडकवायची क्लिप मात्र हरवलेली असते आणि तिच्या जागी वाकवलेला खिळा किंवा बांधलेली तार असते. पिन निघाली तर ट्रॉली धरून ठेवायला साखळी हवी. ती बहुतेकांकडे नसते. चढावर पिन निघाली तर ट्रॉली एकटी मागे निघते, आणि मागे घाटभर गाड्या असतात.

चढण्याची रीतही निराळी. मागे ओझे जोरात ओढत असले की ट्रॅक्टरचे तोंड हलके होते, पुढची चाके जमिनीला नुसती टेकलेली राहतात आणि स्टिअरिंग फिरवून उपयोग होत नाही. हुक जितका उंच तितका हा धोका मोठा. म्हणून ओढायचे ते खालच्या हुकालाच, पुढे वजनाच्या प्लेटा लावायच्या, आणि चढावर थांबल्यावर क्लच एकदम सोडायचा नाही. तोंड हलके होते म्हणून बॉनेटवर दोन पोरे बसवण्याची पद्धतही काही ठिकाणी दिसते. ती पोरे म्हणजे वजनाच्या प्लेटा नव्हेत, हे सांगावे लागते ही शोकांतिका आहे. अर्ध्या चढावर इंजिन बंद पडले तर सोबतचा माणूस उडी मारून चाकामागे दगड लावतो. पुन्हा सुरू करून गाडी पुढे जाते. दगड तिथेच राहतो आणि रात्री एखादा दुचाकीवाला त्याच्यावर जाऊन आदळतो.

कायदा या सगळ्याकडे कसा पाहतो? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर हेही ‘मोटार वाहन’ आहे. त्याची वेगळी नोंदणी हवी, त्याला स्वतःचा क्रमांक हवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असा नियम जुन्या नियमावलीपासून आहे. कागद भक्कम आहे. रस्त्यावर मात्र गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात मापाने बनवून घेतलेली, क्रमांक नसलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली बिनदिक्कत चालते.

परवान्याच्या बाबतीत तर कायद्यानेच मोकळीक दिली आहे. हलक्या मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रॅक्टर येतो. ट्रॅक्टरचा परवाना असलेला माणूस मागे ट्रेलर जोडला म्हणून अपात्र ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नागशेट्टी खटल्यात म्हटले. तो प्रश्न विम्याच्या भरपाईचा होता आणि अपघातग्रस्ताला भरपाई मिळावी यासाठी तो निकाल योग्यच होता. त्याचा अर्थ मात्र असाही होतो, की ट्रॉली ओढण्याचे कौशल्य कोणी कधी तपासत नाही. मोटारीवर परीक्षा दिलेला एकवीस वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी सहा टन घेऊन घाट उतरू शकतो.

याच तालुक्यातून जाणारी रेल्वे हाच प्रश्न कसा सोडवते, ते पाहण्यासारखे आहे. मनमाडहून मुंबईला जाणारी प्रत्येक गाडी इगतपुरीनंतर थळ घाट उतरते. १८६५ मध्ये खुल्या झालेल्या या मार्गाचा चढ ३७ ला १, म्हणजे पावणेतीन टक्क्यांहून कमी. रस्त्याच्या घाटाच्या निम्माही नाही. तरीही चढताना कसाऱ्याहून मागे जादा इंजिने लावतात आणि उतरण्याआधी ब्रेक तपासल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. गाडी आवरली नाही तर तिला चढावर वळवून थोपवणारे रूळ राखून ठेवलेले असतात. प्रत्येक डब्याला स्वतःचा ब्रेक असतो. जोड तुटून डबे सुटले तर हवेचा दाब जातो आणि ब्रेक आपोआप लागतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज इंजिनिअरांना उताराची जितकी भीती वाटली, तितकी आजच्या परिवहन खात्याला वाटत नाही.

परदेशातही ही बाब केव्हाच निकाली निघाली आहे. ब्रिटनमध्ये मोटारीमागे ओढायच्या ट्रेलरचे भरलेले वजन ७५० किलोंच्या वर जाणार असेल तर त्याला ब्रेक सक्तीचे आहेत. युरोपीय संघाने २०१५ मध्ये शेतीच्या ट्रॅक्टर-ट्रेलरांच्या ब्रेकसाठी स्वतंत्र नियमावली प्रसिद्ध केली. यात फार मोठे तंत्रज्ञान आहे असेही नाही. तिकडच्या छोट्या ट्रेलरांना जो ब्रेक असतो तो केवळ रेट्यावर चालतो: पुढची गाडी हळू झाली, ट्रेलर पुढे सरकून हुकावर दाबला गेला, की त्याच दाबाने एक दांडी ओढली जाते आणि ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक लागतात. वीज नको, कॉम्प्रेसर नको, वेगळे पेडल नको. मोठ्या ओझ्यासाठी हवेच्या किंवा तेलाच्या दाबावरचे ब्रेक असतात, आणि तसे ब्रेक बसवलेल्या ट्रॉल्या आपल्या देशातही तयार होतात.

यावर शेतकऱ्याचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो खरा आहे. कांद्याला उत्पादन खर्च निघत नाही, त्यात ट्रॉलीला ब्रेक कुठून आणायचे? वर्षातून मोजके दिवस घाट उतरायचा, त्यासाठी एवढा खर्च? भाड्याचा ट्रक परवडत नाही म्हणून तर ट्रॉली. शिवाय अपघाताचे खरे कारण खराब रस्ता, तुटलेले कठडे, भरधाव कंटेनर. यातला प्रत्येक मुद्दा मान्य करूनही एक गोष्ट शिल्लक राहते. रस्ता कितीही गुळगुळीत केला तरी सहा टक्के उतार सहा टक्केच राहतो आणि २४० किलोंचा रेटाही तेवढाच राहतो. गुळगुळीत रस्त्यावर ट्रॉली अधिक जोरात पळेल, एवढाच फरक. खर्चाचा मुद्दा मात्र सोडवायलाच हवा, आणि तो शेतकऱ्याच्या माथी मारून सुटणार नाही.

सुरुवात सरकारी पैशातून झालेल्या ट्रॉल्यांपासून करता येईल. सामाजिक न्याय विभाग अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना मिनी ट्रॅक्टर आणि त्याची उपसाधने ९० टक्के अनुदानावर देतो. साडेतीन लाखांच्या मर्यादेत ३ लाख १५ हजारांपर्यंत अनुदान मिळते आणि या उपसाधनांत ट्रेलरही येतो. जिथे नव्वद टक्के पैसे शासनाचे आहेत, तिथे ट्रेलरला ब्रेक, मागे दिवा, रिफ्लेक्टर आणि हुकाला साखळी असल्याशिवाय अनुदान नाही, अशी एक ओळ योजनेत घालायला कोणाची आडकाठी आहे? अनुदानाची मर्यादा तेवढी वाढवावी. सरकारी मागणी निघाली की कारखानदार ब्रेकची ट्रॉली बनवतात, आणि मग फॅब्रिकेशनवाल्यालाही तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळू लागतात.

दुसरे काम बाजार समित्यांचे. ट्रॉलीत किती ओझे आहे हे शोधायला परिवहन खात्याने रस्त्यात उभे राहायची गरज नाही, कारण कांद्याची प्रत्येक ट्रॉली भुईकाट्यावर चढतेच. भरलेले वजन आणि रिकामे वजन पावतीवर छापून येते. नांदगाव, मनमाड आणि बोलठाणच्या काट्यांवर एका हंगामाच्या पावत्या चाळल्या तरी घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या ओझ्याचे खरे चित्र समोर येईल. पहिल्या हंगामात दंड नको. गेटवर हुकाची पिन, क्लिप आणि ब्रेकची पट्टी पाहायला एक माणूस उभा करावा, क्लिप नसेल तर समितीने तिथेच द्यावी. बाजार फीच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे. बाजार समित्यांच्या आवारात ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर चिकटवण्याच्या मोहिमा होतातच, त्याच मोहिमेत हे बसते.

तिसरे काम रस्त्याच्या मालकांचे. घाटाच्या माथ्यावर उतार सुरू होण्याआधी दोन ट्रॉल्या उभ्या राहतील एवढी सपाट जागा हवी, म्हणजे थांबून गिअर टाकता येईल. आज ती जागा नाही, म्हणून चालक चालत्या गाडीत गिअर शोधतो. तिथे ‘घाट सुरू, वाहने सावकाश चालवा’ या पाटीऐवजी नेमके सांगणारी पाटी लावावी: उतार किती टक्के, किती किलोमीटर, ट्रॉली असेल तर खालचा गिअर, ब्रेकची पट्टी पाडा, न्यूट्रल करू नका. तीव्र उताराच्या शेवटी, वळणाच्या आधी सुटलेली गाडी घुसवायला वाळू-खडीची चढती वाट असावी. जड वाहतूक नांदगावमार्गे वळवताना हा रस्ता ती पेलेल हे पाहण्याची जबाबदारीही वळवणाऱ्यांचीच होती.

आणि माणसे. श्रावणात जातेगावच्या पिनाकेश्वराला जाणारी मंडळी असोत की लग्नाचे वऱ्हाड की निंदणीच्या बायका, ट्रॉलीत बसून जाणे ग्रामीण भागात सर्रास आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या आलेगावला शेतमजूर बायकांना नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत पडला आणि सात जणी गेल्या. १ ऑक्टोबर २०२२ रोजी कानपूरजवळ घाटमपूरला देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यात उलटली, २६ जण मेले. या दोन्ही जागा सपाट होत्या. कांद्याची गोणी वळणावर एका बाजूला सरकते तशी माणसेही सरकतात, फक्त ती घाबरून एकदम सरकतात. ज्या वाहनाला घाटात स्वतःला आवरता येत नाही, त्यात माणसे बसवून घाट चढायला पोलिसांनी यात्रेच्या दिवशी पायथ्यालाच मनाई करावी आणि त्याच दिवशी एसटीने जादा गाड्या सोडाव्यात. नुसती मनाई करून गाड्या सोडल्या नाहीत तर लोक आडवाटेने ट्रॉलीच नेतील.

यातल्या कोणत्याही कामासाठी नवा कायदा किंवा मंत्रिमंडळाचा निर्णय लागत नाही. अनुदानाची अट विभागाच्या एका शासन निर्णयाने बदलते. नोंदणी नसलेल्या ट्रॉल्यांसाठी मालेगावच्या परिवहन कार्यालयाला नांदगाव आणि बोलठाणला बाजाराच्या दिवशी शिबिर घेता येते. जुन्या ट्रॉल्यांना दंडाशिवाय क्रमांक द्यावा, म्हणजे शेतकरी स्वतःहून येईल आणि तालुक्यात ट्रॉल्या किती, त्यांतल्या ब्रेकच्या किती, हे पहिल्यांदा कळेल. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघू लागतो आणि तेव्हा घाटमाथ्यावरून ट्रॉल्यांची रीघ लागते. शिबिर, पाटी आणि पिनेच्या क्लिपा त्याआधी होण्यासारख्या आहेत. ब्रेकच्या ट्रॉलीला वेळ लागेल, पण अनुदानाच्या पुढच्या यादीपासून ती अट आलीच पाहिजे, आणि ती आणण्यासाठी तालुक्याच्या आमदारांपासून बाजार समितीच्या संचालकांपर्यंत सगळ्यांनी मंत्रालयात एकाच कागदावर सह्या करून जायला हवे.